वत्सलावहिनींचा हलका हात

पांढुर्ण्याहून येणाऱ्या सकाळच्या बसचा कंडक्टर माझा जुना विद्यार्थी आहे. गणितात इतका कच्चा होता, की त्याच्या हाती तिकिटांची पिशवी कोणी दिली याचं मला अजून नवल वाटतं. त्या दिवशी मी सौंसरच्या स्टँडवर पेपर घेत उभा होतो, तर बस नीट थांबायच्या आत तो दारातून ओरडला, "मास्तर, वत्सलाबाई गेल्या हो! आज सकाळीच. त्याइच्या पोरानं तुमाले सांगाले लावलं." मी बरं म्हटलं. पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली... ती बस इथून फिरून परत पांढुर्ण्यालाच जाते. घरी निरोप धाडला आणि तिच्यातच जाऊन बसलो. तिकिटाचे पैसे घ्यायला तो पोरगा काही केल्या तयार होईना.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. या पुरवणीच्या वाचकांना वत्सलावहिनींचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. सिनेमात त्या गेल्या नाहीत, त्यांचा फोटो कुठं छापून आला नाही. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, रामाकोना, फार तर सावनेरपर्यंत, एवढ्याच मुलखात त्यांनी नाटकांत कामं केली, आणि तीही आई, सासू, विधवा आत्या, शेजारची म्हातारी अशीच. नायिका त्या एकदाही झाल्या नाहीत. नायिका मी होतो. हसू नका. त्या काळी आमच्याकडे भल्या घरच्या बाया नाटकात येत नसत आणि मी दिसायला बरा होतो; नऊवारी नेसून, नथ घालून मी एन्ट्री घेतली, की कापसाच्या जिनाच्या आवारात मांडलेल्या सतरंज्यांवरून शिट्ट्या यायच्या. दिवसा मराठी शाळेत चौथीला शिकवायचं आणि संध्याकाळी सासुरवाशीण व्हायचं. मोहगावच्या अर्धनारीश्वराच्या देवळात गेलो, की मित्र मुद्दाम म्हणायचे, "दत्तू मास्तर, दर्शन कोणी कोणाचं घ्याचं?"

वत्सलावहिनी म्हणजे माझे मित्र नारायणराव यांची बायको. नारायणराव तहसील कचेरीत कारकून होते आणि आमच्या मंडळाचे प्रॉम्प्टर. विंगेत खुर्ची टाकून, पुस्तक मांडीवर घेऊन ते बसायचे. संवाद सांगताना त्यांचा आवाज पहिल्या रांगेतही ऐकू येत नसे, हे कसब होतं. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या शारदोत्सवात आम्ही एक सामाजिक नाटक बसवलं होतं आणि आईचं काम वामन शिंप्याकडे होतं. ऐन वेळी वामनचे वडील रामाकोन्याहून त्याच्याकडे राहायला आले. मुलानं मिशी उतरवलेली पाहून म्हातारा असा भडकला, की विचारू नका. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही ही आमच्याकडची रीत, आणि इथं बापानंच येऊन पोराचा गुळगुळीत ओठ पाहिलेला! वामननं कानाला खडा लावला, मिशी वाढवली, आणि आमच्या नाटकाला आई उरली नाही.

नारायणराव तेव्हा तालमीत बसल्या बसल्या हळूच म्हणाले, "आमच्या घरी सारं नाटक पाठ आहे." आम्हाला वाटलं, यांनाच पाठ आहे. पण हे घरी मोठ्यानं वाचायचे आणि भाकरी थापता थापता वहिनींचं पाठ होऊन बसलं होतं. आम्ही दोघं-तिघं घाबरत घाबरत त्यांच्या घरी गेलो. वहिनी विशीच्या जेमतेम पुढं, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, आणि मी नायिका, म्हणजे त्यांची नाटकातली लेक! वहिनी हो म्हणाल्या. पण घरात त्यांच्या सासूबाई होत्या. त्यांना सारं सौंसर काकू म्हणे. तरुणपणीच विधवा झालेल्या, नारायणरावांना एकटीनं वाढवलेलं. नाटकातली आई विधवा, हे ऐकल्यावर काकूंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, "जा. पण कुकू पुसाचं नाही. म्या सांगून राहिली. झाकाचं. माह्या पोराचं कुकू आहे ते."

तेव्हापासून आमच्या रंगपटात तो विधी सुरू झाला. वहिनी मेणावर पिंजर लावत, सगळ्याच बाया तेव्हा लावत, आणि त्यांचं कुंकू चांगलं ठसठशीत असे. ते पुसायचं नाही. त्याच्यावर आधी तांदळाच्या पिठाचा पातळ लेप, तो वाळला की सफेदा आणि पिवडी कालवून केलेला रंग, असे थर चढवायचे. मंगळसूत्र काढून नारायणरावांच्या खिशात. ते विंगेत बसले म्हणजे खिशावर एक हात ठेवून बसायचे आणि नाटक संपलं की तिथंच, दोरखंडाच्या गुंडाळ्यांमध्ये उभं राहून पुन्हा बायकोच्या गळ्यात घालायचे. "नारायणरावचं दर नाटकाले लग्न लागते," असं म्हणून आम्ही अक्षता टाकल्यासारखं करायचो. आणि त्याच रंगपटात, त्याच आरशात, मी माझं कुंकू लावत होतो नि पुसत होतो. आज लावलं, उद्या पुसलं, परवा पुन्हा लावलं. मी पुरुष. माझ्या पुसण्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून मला कोणी कधी काही विचारलं नाही.

वहिनींचं काम कसं होतं हे कसं सांगू? त्या रडत नसत. आमच्या वेळचा रिवाज असा, की आईनं रडून सतरंजी भिजवायची. वहिनी दुःखाच्या जागी काहीतरी बारीक काम करत. पदराची गाठ सोडायच्या, पुन्हा मारायच्या. तांदूळ निवडायच्या आणि मधेच हात थांबायचा... तेवढं पुरे असायचं. हे सारं त्यांनी उचललं होतं काकूंकडून. काकू पहिल्यांदा नाटक पाहायला आल्या तेव्हा बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसल्या होत्या. नाटक संपल्यावर आत आल्या नि सुनेपुढं उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. काकू म्हणाल्या, "माहा पदर असाच घसरते काय वं?" वहिनींनी मान खाली घातली. काकूंनी सुनेचा पदर दोन बोटं पुढं ओढला. "असा घसरते," म्हणाल्या, आणि निघून गेल्या. पुढं प्रत्येक नव्या नाटकाच्या वेळी वहिनी घरी काकूंसमोर काम करून दाखवत. काकूंना आयुष्यात कोणी असं निरखून पाहिलं नव्हतं, असं मला वाटतं. त्याच दिवसांत त्यांनी सुनेला जीव लावला.

एकदा पांढुर्ण्याला प्रयोग होता. कापसाचा हंगाम संपलेला, चैत्रातला उकाडा, वर गॅसबत्त्यांची धग. दुसऱ्या अंकात दीर घर बळकावतो आणि विधवा भावजय त्याला दोन शब्द सुनावते, असा प्रवेश. मी लेक म्हणून बाजूला उभा. पाहतो तर वहिनींच्या कपाळावर रंगाला चीर गेली होती आणि तिच्यातून, धगीनं मेण पाघळून, घामाबरोबर लाल ओघळ नाकाच्या शेंड्याकडे उतरत होता. विधवेच्या कपाळातून कुंकू! पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. विंगेत नारायणरावांच्या मांडीवरचं पुस्तक खाली पडलं, तो आवाज मला आजही ऐकू येतो. वहिनींना कपाळावरचा ओलावा कळला असावा. त्यांनी सावकाश पदर घेतला आणि हनुवटीपर्यंत ओढला. उरलेला सगळा प्रवेश त्यांनी तोंड न दाखवता केला, नुसत्या आवाजावर आणि दोन हातांवर. ज्या दिरापुढं आजवर मान वर करून बोलायची ती आता पदराआडून बोलत होती, आणि ते इतकं खरं वाटलं, की कुजबुज बंद झाली. पुढं कायम तो प्रवेश तसाच होऊ लागला.

माझी बायको सिंधू मात्र वहिनींपासून जरा अंतर ठेवून असे. मी नायिका होतो याचा तिला राग होता तो होताच, पण वहिनींची तिला भीती वाटे. "भरल्या कपाळाची बाई अन् रांडमुंड होऊन नाचते," असं ती म्हणायची. ती एकटी नव्हती. हळदीकुंकवाला वहिनींना बोलावणं असे, पण त्यांच्या हातचं कुंकू घेताना काही बाया आधी इकडेतिकडे पाहत, हे मला सिंधूनंच सांगितलेलं.

राज्य पुनर्रचनेच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नारायणरावांना मुदतीचा ताप आला. छिंदवाड्याच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं, औषधं दिली. ताप उतरला, पुन्हा चढला... आणि नारायणराव गेले. मुलगा तेव्हा शाळेतही जायला लागला नव्हता. मी दहाव्याला गेलो तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. वळल्या तेव्हा त्यांच्या कपाळाच्या मध्यावर मला खपली दिसली, रुपयाएवढी, काळी. कुठं लागलं असेल म्हणून मी विचारलं नाही. विचारण्यासारखी ती वेळ नव्हती.

गावात मात्र तोंडं सुटली होती. विधवेचं सोंग करू करू ते खरंच झालं, देवाची थट्टा केली, नवऱ्याला खाल्लं. विहिरीवर हे बोललं जाई, देवळात बोललं जाई, आमच्या स्वयंपाकघरातही बोललं जाई. मला त्या बोलण्याचा संताप येई. मी सिंधूला म्हणायचो, "अगं, मी किती वर्षं कुंकू पुसून राहिलो, तू तं चांगली ठणठणीत आहे." ती कानावर हात ठेवायची. वहिनींनी नाटक सोडलं. घरी शिवणाचं मशीन आणलं, झंपर शिवू लागल्या. पण तालमीचा आवाज त्यांच्या घरापर्यंत जात असे, आणि त्यांच्या मुलानं मला एकदा भाबडेपणानं सांगितलं, की तालीम सुरू झाली की आई मशीन थांबवते.

मग ते छप्पन साल आलं. नागपूर ही तोवर आमची राजधानी होती. शाळेचे इन्स्पेक्टर तिकडून येत, नाटकाचे पडदे तिकडून येत, चांगलं लुगडं घ्यायचं तर नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरलाच जायचं. नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मध्य प्रदेशात राहणार, राजधानी पार तिकडे भोपाळला, हे पक्कं झालं. मराठी बोलणारे आम्ही इतके सारे इकडेच राहिलो, याचं काय करायचं हे कोणाला उमगत नव्हतं. कोणी सभा घेत होतं, कोणी अर्ज करत होतं. नागपूरच्या एका संस्थेनं तेवढ्यात एक चांगली गोष्ट केली. जी गावं आता पलीकडे राहणार त्यांच्या नाटक मंडळांना त्यांनी ऑक्टोबरात नागपूरला बोलावलं. चांगलं थिएटर, विजेचे दिवे. आमच्या मंडळाला असा मान कधी मिळाला नव्हता, आणि आता पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती.

आम्ही निवडलेल्या नाटकात आई होती, आणि या वेळी ती सवाष्ण होती. शेवटच्या प्रवेशात ती लेकीची ओटी भरते, तिला कुंकू लावते आणि सासरी धाडते. लेक अर्थात मी. आता पोट जरा सुटलं होतं, पण दुसरा कोणी नव्हता. आईसाठी मंडळाचे अध्यक्ष आण्णाजी यांनी वामनला गाठलं. आण्णाजींचा कापसाचा व्यापार, मंडळ त्यांच्याच पैशावर चाले. वामनचे वडील वारले होते, त्यामुळं मिशीची अडचण नव्हती, पण तालमीत त्याच्या तोंडून वाक्य बाहेर पडेना आणि पडलं की हसू येई. मी आण्णाजींना सांगितलं, वत्सलावहिनींशिवाय हे नाटक नेण्यात अर्थ नाही. आण्णाजी म्हणाले, "अहो, विधवा बाई कपाळाले कुकू लावून उभी राहीन? सौंसरच्या बाया मले गावात राहू देतीन काय?" मी म्हटलं, विचारून तर पाहू. त्यांनी हात झटकले. "इचारा तुम्ही. ते हो म्हणाली, अन् तिची सासू हो म्हणाली, तं मी नाही म्हणत नाही."

मी गेलो तेव्हा वहिनी मशीनवर होत्या. मी सांगितलं. पायडलवरचा पाय थांबला. त्यांच्या तोंडावर जे आलं ते पाहून मला कळलं, की या बाईला हे काम हवं आहे. नुसतं हवं नाही, त्यासाठी ती तहानलेली आहे. मग त्यांनी आत पाहिलं. काकू चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी सारं ऐकलं होतं. बराच वेळ त्या निखारे सारखे करत राहिल्या.

"मास्तर," काकू म्हणाल्या, "लोक म्हणून राहिले, का इच्या सोंगापायी माहा पोरगा गेला. म्या एकडाव बी पुसू देल्लं नाही. झाकलं. दर डाव झाकलं. तरी गेला नं?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "पुसूनही जाते अन् झाकूनही जाते. मंग हिनं काहून घरात बसाचं? जाऊ द्या तिले."

वहिनी मशीनवर डोकं टेकवून रडल्या. मी त्यांना रंगमंचावर कधी तसं रडताना पाहिलं नव्हतं.

नागपूरला आम्ही छोट्या गाडीनं गेलो. सौंसरचे बरेच लोक नाटक पाहायला आले होते, बायाही होत्या, सिंधू होती. रंगपटात वहिनी हिरवं लुगडं नेसून, बांगड्या भरून आरशापुढं बसल्या. रंग झाला. राहिलं ते कपाळ. विधवेनं आपल्या हातानं कुंकू लावायचं नाही, कोणा सवाष्णीनं लावलं तर चालेल, असा काहीतरी तोडगा आण्णाजींनी वाटेत काढला होता. त्यांनी रंगपटाच्या दाराशी येऊन बायांना विचारलं. एकीनं पदर सावरला, एक पाणी प्यायला गेली. मी सिंधूकडे पाहिलं. सिंधूच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मागं सरकली. "मले लेकरं आहेत," म्हणाली. मी तिला दोष देत नाही. भीती खोटी असली तरी भ्यालेला माणूस खराच भ्यालेला असतो. आरशात वहिनी हे सगळं पाहत होत्या. तिसरी घंटा व्हायची होती.

मी तेव्हा शालू नेसून नवरी होऊन उभा होतो. कपाळावर कुंकू, हातात चुडा. मी पुढं झालो. म्हटलं, "वहिनी, मी चालतो काय?" त्या वर्षात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. "भाऊजी, तुमच्याहून भरल्या कपाळाची इथं कोण आहे?" त्यांनी तोंड वर केलं आणि डोळे मिटले. मी मेण लावलं, त्यावर पिंजर टेकवली. माझ्या बोटाखाली त्वचा जरा खडबडीत लागली... खपलीची जागा.

प्रयोग कसा झाला ते लोकांनी सांगावं. मला शेवटचा प्रवेश तेवढा आठवतो. ओटी भरून झाली. वहिनींनी करंड्यात बोट बुडवलं, माझ्या कपाळावर टेकवलं आणि उचललंच नाही. पुस्तकात तिथं आईनं हंबरडा फोडायचा असं होतं. वहिनी नुसत्या बोट टेकवून पाहत राहिल्या. थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. पुढचं वाक्य माझं होतं आणि ते माझ्या डोक्यातून पार गेलं. विंगेत नवा प्रॉम्प्टर होता, तो नाटक बघत बसलेला. तेव्हा ओठ न हलवता, पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, वहिनींनी मला माझं वाक्य सांगितलं. तो आवाज थेट नारायणरावांचा होता. मी ते वाक्य म्हटलं, आणि खरं सांगतो, मी तेव्हा नाटक करत नव्हतो.

पडदा पडला. लोक भेटायला येत होते, आण्णाजी हार घेऊन फिरत होते. मी आणि वहिनी रंग उतरवायला एकाच आरशापुढं बसलो. मी माझ्या सवयीनं वाटीतलं खोबरेल तेल कपाळावर लावलं, जरा थांबलो, कापसानं टिपून घेतलं. मेणावरचं कुंकू पाण्यानं हटत नाही, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. तीच वाटी मी वहिनींकडे सरकवली. त्यांनी बोटावर तेल घेतलं, कपाळाला लावलं, कापूस फिरवला. कपाळ स्वच्छ झालं. वहिनी त्या कापसाकडे पाहत राहिल्या.

"निघते नं हो हे," त्या म्हणाल्या. "तेलानं कसं लगेच निघते."

मी नथ काढून ठेवली.

"तेव्हा पाण्यानं घासलं त्या बायाइनं. निघेना, मंग राख घेतली. उगीच घासलं, भाऊजी. कोणी थोडंसं तेल आणलं असतं तं..." एवढं बोलून त्यांनी बांगड्या उतरवायला घेतल्या. खपली कशाची होती ते मला तेव्हा कळलं. मी शालू नेसलेला, अर्ध्या रंगातला माणूस त्या आरशापुढं ढसाढसा रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

नोव्हेंबर आला आणि गेला. नागपूरच्या स्पर्धा दुसऱ्या राज्याच्या झाल्या, कचेरीतला कारभार हिंदीत होऊ लागला, तरुण पोरं नोकरीसाठी इकडेतिकडे गेली. मंडळ काही वर्षं रखडत चाललं. वहिनी त्यात होत्या, म्हाताऱ्या करत होत्या, सवाष्णी करत होत्या, आणि आता त्यांचं कुंकू बहुतेक वेळा मीच लावत असे. मग मंडळ बंद पडलं. पण वहिनींनी दुसरंच एक काम हाती घेतलं होतं, त्याला कोणी नाटक म्हणणार नाही. गावात कोणाचा नवरा गेला, की त्या तेलाची वाटी आणि कापूस घेऊन तिथं जात. घासायला पुढं झालेल्या बायांना बाजूला करत, त्या बाईचं डोकं आपल्या खांद्यावर घेत आणि सावकाश, कडेनं आत येत, कुंकू उतरवत. बांगड्या फोडू देत नसत, तेलाचाच हात फिरवून एकेक काढत. सुरुवातीला बायांनी नाकं मुरडली. मग त्यांना बोलावणं येऊ लागलं.

माझा थोरला भाऊ वारला तेव्हा त्या आमच्या घरी आल्या. माझ्या भावजयीचं सगळं त्यांनी केलं. सिंधू बाजूला उभी राहून पाहत होती. नंतर मी चिडून म्हटलं, "पुसायचंच कशाला म्हणतो मी? तुम्ही तरी का करता हे?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या म्हणण्यानं थांबून राहिलं काय ते, भाऊजी? जेव्हा थांबंन तेव्हा थांबंन. तवर दुखू तं नये." त्या दिवशी निघताना सिंधूनं त्यांचे पाय धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वत्सलाबाई, हे माह्या आधी गेले तं तुम्ही या. दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नका." मी समोर जिवंत उभा होतो, पण तिथं माझं मत कोणी विचारत नव्हतं. वहिनी हसल्या. "अन् मीच आधी गेली तं?"

पुढं त्यांच्या मुलाला रेल्वेत नोकरी लागली आणि त्या पांढुर्ण्याला गेल्या. काकू तोवर गेल्या होत्या. सणावारी मी जात असे. कंडक्टरच्या निरोपावरून गेलो तेव्हा अंगणात इतक्या बाया होत्या, की मला दाराशी जायला वाट मिळेना. त्यांतल्या बऱ्याच कोऱ्या कपाळाच्या होत्या.

परत आलो तर सिंधू ओसरीवर बसली होती. मी पाय धुतले, पाणी प्यालो. मग ती म्हणाली, "आता माहं कोण करंन?" मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा मी चिडलो. म्हटलं, पुसू नको, मी सांगतो ना, मुळीच पुसू नको, मी लिहून ठेवतो. ती म्हणाली, "तुम्ही नसान तेव्हा. लोकाइच्यात मलेच राहाचं आहे नं." तिचं म्हणणं मला पटत नाही, आजही पटत नाही. पण तिची भीती वहिनींनी ओळखली होती आणि मी इतक्या वर्षांत ओळखली नव्हती.

काही दिवस असेच गेले. परवा दुपारी मी सिंधूचा करंडा मागून घेतला. ती अजून मेण आणि पिंजरच लावते, टिकली लावत नाही. मी पाटावर बसून माझ्या कपाळाला मेण लावलं, वर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. कैक वर्षांनी. सुनेला हाक मारली, म्हटलं तेलाची वाटी आण, कापूस आण आणि समोर बस. ती बिचारी घाबरली, सासऱ्याला वेड लागलं असं तिला वाटलं असेल. "तुझ्या सासूसाठी शिकायचं आहे," मी म्हटलं. मग तिला समजलं आणि ती वाटी घेऊन समोर बसली. "आधी तेल. आता थांब, मेण सुटू दे. कडेनं आत ये. घासू नको... टीप नुसतं." तिचं नाक वाहत होतं, ते ती खांद्याला पुसत होती, पण हात थांबवला नाही. कापूस लाल झाला.

सिंधू उठून जवळ आली. माझ्या कपाळावरून तिनं तळवा फिरवून पाहिला.

"दुखलं काय हो?"

"नाही," मी म्हणालो.